मुलांवर हात उगारण्याची कायदेशीर सवलत काढून घ्यावी का?

प्रश्न असा आला आहे: चार वर्षांच्या मुलाला वेळप्रसंगी एखादा धपाटा घालणाऱ्या आईवडिलांना कायद्याने गुन्हेगार ठरवायचं का? मुलांना वळण कसं लावायचं, हे आता सरकारने सांगायचं का?

माझं मत आधीच सांगून टाकते. बंदी असावी. पण बंदी म्हणजे धपाट्यासाठी नवा गुन्हा आणि नवी शिक्षा असं माझ्या मनात नाही. अनेक देशांच्या कायद्यात आईवडिलांना आजही एक सवलत आहे, ती काढून घ्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे. हा फरक ध्यानात आला की निम्मा वाद मिटतो. उरलेला निम्मा मात्र खरा आहे आणि त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे.

सवलत कसली? दुसऱ्या माणसाला मारणं हा जवळपास सगळीकडे गुन्हा आहे. शेजाऱ्याच्या थोबाडीत दिली, हाताखालच्या कामगाराला रट्टा घातला, तर ‘त्याच्या भल्यासाठीच मारलं’ हे ऐकून कुठलंही कोर्ट सोडत नाही. स्वतःच्या मुलाला मारलं तर अनेक देशांत सोडतं. इंग्लंडच्या कायद्यात या बचावाला ‘वाजवी शिक्षा’ म्हणतात, आणि ब्रिटिश कायदा जिथे जिथे गेला तिथे तो या ना त्या रूपात पोचला. त्याचं मूळ बघण्यासारखं आहे. १८६० साली ईस्टबर्नच्या थॉमस हॉपली नावाच्या शिक्षकाने एका किशोरवयीन विद्यार्थ्याला, त्याच्या वडिलांची पत्राने परवानगी मागवून, इतकं बडवलं की मुलगा दगावला. हॉपलीला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. पण त्याच खटल्यात न्यायाधीशांनी हेही नमूद केलं की आईवडील, किंवा त्यांनी अधिकार दिलेला शिक्षक, मुलाला माफक आणि वाजवी शारीरिक शिक्षा करू शकतात. मुलगा मेला त्या खटल्यातलं हे वाक्य पुढे दीडशे वर्षं मारणाऱ्यांच्या बाजूने वापरलं गेलं.

एके काळी ही सवलत बऱ्याच जणांना होती. नवऱ्याला बायकोच्या बाबतीत, मालकाला नोकराच्या, कारागिराला शिकाऊ पोराच्या, जहाजाच्या कप्तानाला खलाशाच्या बाबतीत. एकेक करत सगळ्यांची गेली. शिक्षकांचीही पुष्कळ ठिकाणी गेली. भारतात शाळेतल्या शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच मनाई केली. घरात मात्र अशी थेट मनाई तिथेही नाही. म्हणजे जो सगळ्यात लहान आहे, ज्याला घर सोडून जाता येत नाही, तक्रार कुठे करायची हे ठाऊक नाही, त्याच्याच बाबतीत मारणाऱ्याला सवलत उरली. याचं समर्थन करणारा युक्तिवाद मी आजवर पुष्कळ ऐकला, पटला एकही नाही.

आता ‘वाजवी’ म्हणजे किती, हा प्रश्न. तो सोडवायला शेवटी माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञांना पुढे केलं जातं, म्हणून त्यावर जरा थांबते.

जोरात बसलेल्या चपराकेची खूण कशी दिसते? लोकांना वाटतं, बोटं जिथे लागली तिथे लाल वळ उठतात. बऱ्याचदा दिसतं ते उलट. बोटांच्या दाबाने खालचं रक्त बाजूला सरकतं, बोटांच्या कडेला आणि मधल्या फटीत बारीक केशवाहिन्या फुटतात, आणि गालावर लाल ठिपक्यांच्या दोनतीन समांतर रेघा उरतात; बोटांची जागा त्यामानाने फिकी. अशी खूण दिसली की ‘पाळण्याच्या कठड्यावर आपटला’ ही हकिगत टिकत नाही. पण त्या रेघांवरून आम्हाला सांगता येतं ते इतकंच की हात बसला. किती रागाने बसला, कितव्यांदा बसला, हे सांगता येत नाही. काळ्यानिळ्या डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे ठरवण्याची जुनी पद्धतही आता विश्वासार्ह धरली जात नाही. सावळ्या-काळ्या कातडीवर तर लाली आणि ठिपके पटकन नजरेलाच येत नाहीत. आणि कायदा मात्र या खुणेवर उभा! इंग्लंडमध्ये २००४च्या कायद्यातलं ५८वं कलम सांगतं की प्रत्यक्ष शारीरिक इजा झाली असेल तर ‘वाजवी शिक्षा’ हा बचाव घेता येणार नाही. त्याखालच्या मारासाठी घेता येईल. म्हणजे एकाच ताकदीची चपराक गोऱ्या गालावर गुन्हा ठरू शकते आणि काळ्या गालावर शिस्त.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली रेघ आखण्याचा आणखी नेटका प्रयत्न केला. दोन वर्षांखालच्या मुलाला नाही, किशोरवयीनांना नाही, वस्तूने नाही, डोक्यावर-तोंडावर नाही. बाकी सौम्य आणि तात्पुरत्या स्वरूपाचा बळाचा वापर चालेल. स्कॉटलंडनेही २००३ साली डोक्यावर मारणं, गदागदा हलवणं आणि वस्तूने मारणं एवढंच वेगळं काढून बाद केलं होतं. हेतू चांगलाच होता. पण परिणामी कायद्याचं पुस्तक हे मारण्याचं मार्गदर्शक बनतं: कुठे मारावं, कशाने मारावं, कितव्या वर्षापासून. पालक काय ऐकतात? ‘हाताने, पाठीवर, तीन वर्षांच्या पोराला चालतं.’ शिवाय मारताना कोणी अंदाज घेत नाही. पाठीवर बेतलेला फटका मूल वळलं की कानावर बसतो, आणि कानावर सपाट हात बसला तर पडदा फाटू शकतो. स्कॉटलंडने पुढे ही अर्धी बंदी सोडून पूर्ण बंदी आणली, ७ नोव्हेंबर २०२०पासून. ते विधेयक मांडणारे जॉन फिनी हे माजी पोलीस होते. ‘ही सगळी खोलीत बसून पुस्तकं वाचणाऱ्यांची खुळं’ असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

संशोधन काय म्हणतं? एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली ७५ अभ्यास एकत्र करून तपासले, सुमारे १ लाख ६० हजार मुलांचे. त्यांनी मुद्दाम जबर मारहाण बाजूला ठेवली आणि नुसत्या धपाट्यांचा विचार केला. १७ पैकी १३ बाबतींत धपाट्यांचा संबंध वाईट परिणामाशी दिसला: आक्रमकता, उद्धटपणा, मनाचे आजार, आईवडिलांशी बिघडलेलं नातं. एकाही बाबतीत चांगल्या परिणामाशी दिसला नाही. मात्र हे परिणाम आकाराने लहान आहेत. एखादा धपाटा खाल्लेलं मूल बिघडतंच असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

विरोधकांचा आक्षेपही रास्त आहे. रॉबर्ट लार्झेलेरे यांच्यासारखे संशोधक म्हणतात, मुळातच जी मुलं आडमुठी असतात त्यांना जास्त मार बसतो, मग मारामुळे बिघडली असं कसं म्हणता? याचं उत्तर मुलांना वर्षानुवर्षं पाहत राहणाऱ्या अभ्यासांतून शोधावं लागतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली असे ६९ अभ्यास तपासून काढलेला निष्कर्ष छापून आला: शारीरिक शिक्षेने वागणूक सुधारत नाही, काळाच्या ओघात ती बिघडताना दिसते. मला स्वतःला यातला पहिला भाग जास्त मोलाचा वाटतो. औषधाचे दुष्परिणाम किती, यावर वाद घालता येईल. पण ज्या औषधाचा गुणच येत नाही, ते लहानसहान दुष्परिणाम सोसूनही का द्यायचं?

पण पालक म्हणतात, गुण येतो, डोळ्यांनी दिसतो. बरोबर आहे, दिसतो. कसा, ते पाहा. आई आतल्या खोलीतून हाक मारते, ‘बूट घाल.’ मूल खेळतंय. दुसरी हाक, तिसरी, आवाज चढत जातो. पाचव्या हाकेनंतर आई बाहेर येते, पाठीत धपाटा बसतो, आणि मूल रडत रडत बूट घालतं. आईच्या हिशेबी धपाट्याने काम झालं. मुलाच्या हिशेबी, पहिल्या पाच हाकांचा काही अर्थ नसतो, सहाव्या वेळी आई प्रत्यक्ष येते तेव्हा उठायचं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच हाका. हीच आई पहिल्याच हाकेला बाहेर आली, मुलाच्या उंचीला वाकली, बूट त्याच्या हातात दिले, तर बहुतेक वेळा धपाट्याशिवाय तेच काम होतं. कारण काम करतं ते तिचं समोर येणं. धपाटा आयत्या वेळी श्रेय घेऊन जातो. आणि मुलांना एकटं विचारलं की मार कशासाठी बसला, तर लहान मुलांकडून ‘मी अमुक केलं म्हणून’ हे उत्तर क्वचित येतं. ‘बाबा चिडले होते म्हणून’ हे नेहमी येतं.

‘आम्हीही मार खाऊनच मोठे झालो, आमचं काय बिघडलं?’ हे वाक्य मी रोज ऐकते. त्यावर वाद घालत नाही. तुमचं बिघडलं नसेल तर ते तुमच्या घरात मारापलीकडे जे पुष्कळ होतं त्यामुळे. पुढे.

आता उरलेल्या निम्म्या वादाकडे. कायद्याने खरंच काय होतं?

स्वीडनचा दाखला सगळे देतात, पण अर्धवट देतात. तिथे १९७९ साली बंदी आली, संसदेत २५९ विरुद्ध ६ मतांनी. मात्र ती एका फटक्यात आलेली नव्हती. १९५७ साली फौजदारी कायद्यातून आईवडिलांचा बचाव काढला, १९६६ साली कौटुंबिक कायद्यातली परवानगी काढली, आणि मग १९७९ साली ‘मारायचं नाही’ असं स्पष्ट लिहिलं. हे वाक्य पालकत्वाच्या कायद्यात घातलं आणि त्याला वेगळी शिक्षा जोडलीच नाही. उलट लहान मुलं असलेल्या घरोघरी माहितीपुस्तिका पाठवली आणि दुधाच्या खोक्यांवर दोन महिने मजकूर छापला, म्हणजे सकाळी टेबलावर आईबाप आणि मुलं दोघांनाही तो दिसावा. टीकाकार म्हणतात की मारण्याला असलेला पाठिंबा कायद्याच्या आधीपासूनच घसरत होता. खरं आहे, घसरत होता. पण कायद्याच्या या पायऱ्याही त्याच काळात चढल्या जात होत्या, त्यामुळे कोणी कोणाला ओढलं हे वेगळं काढणं कठीण आहे. बंदीनंतर मुलांना मारल्याच्या पोलीस तक्रारी वाढल्या, हेही ते सांगतात. ज्या समाजात एखादी गोष्ट गैर मानली जाऊ लागते तिथे तिची तक्रार वाढणारच. नुसत्या तक्रारी मोजून मार वाढला की कमी झाला, हे कळत नाही.

न्यूझीलंडचा अनुभव मला अधिक शिकवणारा वाटतो, कारण तिथे लोक नाराज होते. २००५ साली तिथे एका आईने मुलाला घोड्यावर वापरायच्या छडीने मारलं आणि ‘वाजवी शिक्षा’ म्हणून ती सुटली. २००७ साली खासदार स्यू ब्रॅडफर्ड यांच्या विधेयकाने हा बचाव काढला, ११३ विरुद्ध ८ मतांनी. दोन वर्षांनी सार्वमत झालं. प्रश्न असा होता: चांगल्या पालकत्वाचा भाग म्हणून दिलेली चापट फौजदारी गुन्हा असावी का? सुमारे ८७ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. (प्रश्नातच ‘चांगलं पालकत्व’ आल्यावर दुसरं काय म्हणणार?) सरकारने तरीही कायदा ठेवला. घराघरांतून आईबाप उचलले जातील, अशी भीती होती. तसं झालं नाही, कारण कायद्यातच लिहून ठेवलं होतं की प्रसंग इतका किरकोळ असेल की खटला चालवण्यात जनहित नाही, तर पोलिसांना तो सोडून देता येईल.

जपानने २०१९ साली कायदा बदलला तो वेगळ्याच धक्क्याने. २०१८ आणि २०१९ साली दोन लहान मुली घरच्या छळात गेल्या आणि दोन्ही प्रकरणांत घरच्यांचं म्हणणं होतं की आम्ही वळण लावत होतो. मुलांच्या छळाच्या प्रकरणांत हे मला वारंवार दिसलेलं आहे. जबर मारणारा माणूस स्वतःला जबर मारणारा समजत नाही. तो स्वतःला शिस्तप्रिय बाप समजतो, ज्याचा हात ‘त्या दिवशी जरा जास्त लागला’. कायद्याने मधली सवलत ठेवली की त्याला उभं राहायला जागा मिळते, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला, आजीला, काकूला, ‘हे थांबव’ म्हणायला आधार उरत नाही. आज साठाहून अधिक देशांनी घरातल्या मारालाही बंदी केली आहे. दक्षिण आशियात पहिला नेपाळ, २०१८ साली.

माझी स्वतःची काळजी वेगळी आहे. धपाटा सगळ्या थरांतल्या घरांत बसतो, पण पोलीस आणि सरकारी खाती सगळ्या घरांत सारखी जात नाहीत. पातळ भिंतींच्या एका खोलीतलं रडणं शेजारी ऐकतो, मोठ्या बंगल्यातलं ऐकू येत नाही. स्थलांतरित, अल्पसंख्य, एकट्या आया यांच्यावर आधीच कोणाचं ना कोणाचं लक्ष असतं. मूल घरातून उचलून नेण्याचा घाव धपाट्यापेक्षा कितीतरी खोल असतो, हे मी पाहिलेलं आहे. दुसरी अडचण घटस्फोटाच्या भांडणात येते. ताब्यासाठी लढणारे आईबाप एकमेकांच्या विरोधात मुलाच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा मोबाइलमध्ये टिपून ठेवतात, आणि मला त्यावर प्रमाणपत्र मागतात. नवा कायदा म्हणजे अशा माणसांच्या हाती नवं हत्यार. ‘कायदा करा, बाकीचं आपोआप होईल’ म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टींचा विचार केलेला नसतो.

म्हणून कायद्याचा मसुदा महत्त्वाचा. माझ्या मते त्यात काय असावं? सवलत स्पष्ट शब्दांत रद्द. किरकोळ प्रसंगात खटला न भरण्याची न्यूझीलंडसारखी तरतूद. पहिल्या तक्रारीला वॉरंटऐवजी पालकांना मदत. वेल्समध्ये योग्य प्रकरणांत खटल्याऐवजी पालकांना मार्गदर्शन घेण्याची संधी देतात, ती पद्धत मला आवडते. आणि ताब्याच्या खटल्यात एकट्यादुकट्या चापटीचा आरोप हे पारडं फिरवणारं कारण ठरू नये, अशी सूचना न्यायालयांना.

आणखी एक गोष्ट मसुद्यात हवीच, कारण पालकांची निम्मी भीती तिथे आहे: मुलाला आवरणं आणि मुलाला मारणं यातला फरक. रस्त्यावर धावणाऱ्या पोराचं मनगट गच्च धरून मागे खेचणं, बहिणीला चावणाऱ्याला उचलून बाजूला करणं, लस टोचताना हातपाय धरून ठेवणं, थयथयाट करणाऱ्याला काखेत उचलून घरी आणणं, यात बळ लागतं आणि मूल बोंबलतं. हे मारणं नाही. इथे बळ मुलाला किंवा दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून वापरलेलं असतं, आणि धोका टळला की ते थांबतं. मार धोका टळल्यानंतर सुरू होतो. रस्त्यावरून मागे खेचलेल्या पोराला फुटपाथवर उभं करून दिलेली चापट घ्या. ती तुमच्या छातीतल्या धडधडीची असते, त्याच्या सुरक्षिततेशी तिचा संबंध उरलेला नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनेही २००६ साली हीच रेघ आखली: कितीही सौम्य असो, दुखावं किंवा त्रास व्हावा म्हणून वापरलेलं बळ ती शारीरिक शिक्षा, रक्षणासाठी वापरलेलं बळ त्यात येत नाही.

सरकारने वळण कसं लावायचं हे सांगायचं का, हा प्रश्नाचा दुसरा भाग. नाही, सांगू नये. कायद्याने मुलांना कधी झोपवावं, किती वेळ पडद्यासमोर बसू द्यावं, हट्ट पुरवावा की नाही, यात पडू नये. मारू नका, एवढीच एक गोष्ट त्याने सांगावी. ती त्याने घरातल्या मोठ्या माणसांच्या बाबतीत केव्हाच सांगितलेली आहे.

राहिला कायदा लागू करण्याचा वेग. वेल्सचा कायदा मार्च २०२०मध्ये मंजूर झाला आणि २१ मार्च २०२२ रोजी अमलात आला. मधली दोन वर्षं पोलीस, समाजसेवक, परिचारिका आणि पालक यांची तयारी करण्यासाठी ठेवलेली होती. दुसऱ्या कुठल्या देशात हे करायचं असेल तर मी तेवढाच अवधी मागेन, आणि त्यातला पैसा जाहिरातींपेक्षा लसीकरणाला येणाऱ्या आयांशी बोलणाऱ्या परिचारिकांच्या प्रशिक्षणावर घालायला सांगेन. मूल दीड वर्षाचं होतं, चालायला लागतं, ‘नाही’ म्हणायला शिकतं, तेव्हाच बहुतेक घरांत पहिला धपाटा बसतो. त्या सुमारास ते लसीसाठी आमच्याकडे येतच असतं, आणि आईशी बोलायला दहा मिनिटं मिळतात.